यमुनाच्या नावावरचं वाक्य

ही बातमी मी आजवर कुणाला दिलेली नाही. बायकोला नाही, डेस्कवर शेजारी बसणाऱ्यांना नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

नाशिकमध्ये शालेय क्रीडा स्पर्धांच्या बातम्या मी बरीच वर्षं केल्या. या स्पर्धांत गट पडतात ते वयाचे. शाळा कसली, हे कुणी विचारत नाही. पगारी प्रशिक्षक ठेवून रोज मॅटवर सराव करणारी शहरातली खासगी शाळा आणि सुरगाण्याकडची सरकारी आश्रमशाळा — दोन्ही एकाच गटात. जिंकेल ती विभागीय स्पर्धेला जाणार, दुसरी घरी.

त्या वर्षी मुलींच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात आश्रमशाळा थोडक्यात हरली. मुली अनवाणी खेळल्या. मातीत काही न होणारे त्यांचे तळवे मॅटवर सोलवटून निघाले. सामना संपल्यावर त्यांच्या भोये मॅडम माझ्यापाशी आल्या. दुसऱ्या दिवशी क्रीडा शिक्षकांची बैठक होती; खासगी आणि सरकारी शाळांचे गट वेगळे करा, अशी मागणी त्या तिथे मांडणार होत्या.

"आमच्या पोरी कमी नाहीत हो सर. पण एकदा तरी पुढं जाऊ द्या त्यांना. तुम्ही लिहिलंत तर ऐकतील."

लिहितो म्हणालो.

जिंकलेल्या संघात माझी मुलगी होती. हे मॅडमना मी का सांगितलं नाही? ती पदक गळ्यात घालूनच घरी येणार होती, आणि सकाळी पेपर उघडून आधी माझी बातमी वाचणार होती. सामना बरोबरीच्यांचा नव्हता, हे तिच्याच बापानं लिहायचं — एवढंच होतं ते. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

आश्रमशाळेची कर्णधार यमुना नळाशी बसून तळव्यांवर पाणी ओतत होती. मी विचारलं, "वेगळा गट कशाला गं? यांनाच हरवायचं ना?"

आमच्या धंद्यात एक सवय आहे. मुलांना नीट बोलता येत नाही, म्हणून त्यांचं वाक्य आपण सरळ करून द्यायचं. कुणाचं काही बिघडत नाही — असं आम्ही धरून चालतो. त्या संध्याकाळी मी मथळा दिला : 'वेगळा गट नको, यांनाच हरवून पुढे जाऊ!' खाली यमुनाचं नाव.

बैठकीत कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवला. "मॅडम, पोरींनाच नको, तर तुम्ही कशाला भांडताय?" हशा झाला. विषय संपला. मी तिथेच होतो. टिपून घेत होतो.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, ती यमुना कसली भारी आहे ना?"

गेल्या हिवाळ्यात त्याच मैदानावर ट्रॅकसूट घातलेली एक तरुण शिक्षिका समोर आली. "सर, वळखलं का?"

यमुना. आता त्याच आश्रमशाळेत खेळ शिकवते. तिच्या मुली सकाळीच एका खासगी शाळेकडून हरल्या होत्या आणि सावलीत बसून केळी खात होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "गट वेगळा पाहिजे होता, सर. मॅडमचं बरोबर होतं. मीच तवा लय आगाऊ. खरं तर बोललेलं आठवत पण नाय मला. पण पेपरात आलं म्हणजे बोललेच असणार ना? मॅडम मला कधी एका शब्दानं रागावल्या नाहीत. पण या पोरी हरल्या का वाटतं — माझ्यामुळं."

मी काय म्हणालो असेन?

माझ्याकडे तेव्हाही वाक्य तयार होतं. "लहान होतीस गं तू."

तिनं न केलेल्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं.

"बरं वाटलं सर, तुमच्याशी बोलून," असं म्हणून ती मुलींना हाका मारत टेम्पोकडे गेली.

त्या दिवशी नळाशी यमुना काहीच बोलली नव्हती. माझा प्रश्न ऐकून तिनं पायांकडे पाहिलं होतं, आणि लाजून हसली होती. एवढंच.