वरच्या खोलीच्या सळ्या

"खाली जागा मिळाली ते साक झालं नाही? आता वर पण पाहिजे?"

साक. कानडीत पुरे.

महापालिकेतल्या साहेबांच्या हातात आमच्या घराचा फोटो होता. दारावर बुद्धाची टाइल बसवलेली. त्यांनी टाइल बघितली, मग अक्काकडे बघितलं आणि मग हे बोलले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

अक्का, माझी मोठी बहीण, घरावर एक खोली चढवायची परवानगी मागायला आली होती. बेलूरच्या कारखान्यातली पाळी बुडवून. ठेवणीतली साडी नेसून. मी तिच्या मागे पिशवी धरून उभा.

"तुमची जागा नकाशात हिरवी आहे," साहेब म्हणाले. "हिरव्या पट्ट्यात घर नसतं."

"मग साहेब, घरपट्टी कशाची घेता?"

"पट्टीचं काम वेगळं. ती खिडकी तिकडं आहे."

अक्का त्या खिडकीशी गेली. जे घर नाही म्हणाले, त्याची पट्टी तिथं लगेच घेतली.

कमरीपेठेत भाड्याच्या एका खोलीत आम्ही वाढलो. आई-अप्पा लवकर गेले. अक्का शाळा सोडून कामाला लागली, म्हणून मी शिकलो. आज कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून विकत होते, तेव्हा तिनं एक तुकडा घेतला. शहरात आमच्यासारख्यांना परवडेल असं दुसरं काही नव्हतंच. अख्खी ओळ आमच्याच माणसांची.

घर बांधताना तिनं चारी खांबांच्या सळ्या छताच्या वर मोकळ्या सोडल्या.

"वर तुझी खोली, तम्मा. पुस्तकांना वारा पाहिजे."

तोवर आतली खोली माझी आणि पुस्तकांची. अक्का पुढच्या सोप्यात, सायकल आणि पाण्याचं बॅरल यांच्या मधे, चटईवर. तो 'तोवर' तिच्या मरणापर्यंत चालला.

भीमजयंतीच्या आधी ओळीतली सगळी घरं रंगतात. रंग लावून झाला की अक्का वर चढायची आणि सळ्यांना सिमेंटचं पाणी फासायची, गंज चढू नये म्हणून. हळूहळू सगळ्यांनीच ते सुरू केलं. आमच्याकडं प्रत्येक छतावर राखाडी काटे उभे आहेत. मजला एकाही घरावर नाही.

एके वर्षी मोजणीवाला आला. सळ्या बघून त्यानं वरचा मजला 'बांधकाम चालू' धरला आणि पट्टी वाढवली. मी चिडलो. अक्काला हसू आवरेना.

"तुझ्या खोलीची पट्टी चालू झाली की रे! जा, वर जाऊन झोप आता."

रस्त्यापलीकडे मोठी जमीन, भिंत घालून रिकामी ठेवलेली. तिच्या मालकाला सगळे सावकार म्हणतात. तीही नकाशात हिरवीच होती. रिकाम्या जागेला पट्टी थोडी. भाव चढेपर्यंत ती तशी ठेवणं त्यांना परवडत होतं. आम्हाला राहणं परवडत नव्हतं. मग नकाशा दुरुस्त झाला. त्या बाजूचा रंग पिवळा झाला, म्हणजे राहण्याचा. आमची बाजू हिरवीच राहिली. पलीकडे आता फ्लॅट उभे राहतायत. फलकावर लिहिलंय: समोर कायमची हिरवळ.

ती हिरवळ म्हणजे आम्ही.

अक्का या थंडीत गेली. दम्यानं. कारखान्याची धूळ होतीच, पण सोप्याची ओलही होती. मी आत होतो, कोरड्या खोलीत.

सावकार भेटायला आले. खुर्चीवर रुमाल घालून बसले. चहा घेतला नाही.

"वाईट झालं, सर. आता वर कोण राहणार? सळ्या कापून टाका. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना बरं दिसत नाही. पट्टी पण कमी होईल, मी सांगतो तिथं. कटरवाला माझाच पाठवतो."

मी नाही म्हणालो नाही. मनात आलं, खरंच, घर आता मला पुरतं.

ती गेली आणि घर पुरेसं झालं. हा विचार सावकारांनी माझ्या डोक्यात घातला नव्हता. तो माझाच होता. अजून पुसला जात नाही.

दुसऱ्या दिवशी कटरवाला आला. "वायर कुठं लावू, अण्णा?"

सोप्यात प्लग एकच, अक्काच्या चटईच्या डोक्याशी. चटई अजून मी उचललेली नव्हती. तिच्यावर पाय देऊनच त्याला तिथं जावं लागणार होतं. शेजारची म्हातारी तिच्या दारातून ओरडली, "तुझ्या कापल्या की उद्या आमच्या कापायला येतंय बघ ते!"

मी प्लगसमोर उभा राहिलो.

"लावायची नाही. सावकारांना सांग, खाली जागा मिळाली ते साक झालं नाही. वर पण पाहिजे."

तो गेला. मी बादलीत सिमेंट कालवलं आणि वर चढलो.

आता मी सोप्यात झोपतो. वरची खोली झाली तरी मी तिच्यात राहणार नाही. ते मला सोसणार नाही. पण नकाशावरच्या हरकतींची सुनावणी व्हायची आहे. तिला मी जाणार आहे, आणि मागे पिशवी धरून उभा राहणार नाही. अख्खी ओळ घेऊन जाणार आहे. साहेब, पट्टी घेताना घर म्हणता, तर नकाशातही घर म्हणा. रंग बदलता येतो, हे तुम्हीच आम्हाला रस्त्यापलीकडे दाखवलंय.

नाही बदललात, तरी सळ्या कापल्या जाणार नाहीत. दरवर्षी जयंतीआधी त्यांना सिमेंटचं पाणी लागेल. त्या गंजायची वाट बघू नका.