कोलंबीची टरफलं आणि निकेलचं पाणी

मी कळंबोलीतल्या निकेल प्लेटिंगवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून माझा थोरला भाऊ मला खाडीची वैरीण म्हणतो. आम्ही करावे गावचे कोळी. तो अजून होडी घेऊन जातो, आणि जाळ्यात मासळीऐवजी कचरा आला की वहिनीसमोर माझ्या नावानं शिव्या घालतो. जणू सगळ्या नवी मुंबईची घाण एकटी मीच ओतते.

आमचा गाळा लहान. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या यांवर निकेल चढवायचं आणि मग त्या पाण्यानं धुवायच्या. त्या पाण्यात निकेल उतरतं, पाणी हिरवट होतं. चुना टाकून आम्ही ते खाली बसवायचो, तरी थोडं वरच्या पाण्यात राहायचंच. मी केमिस्ट्री शिकलेय. कोलंबीच्या टरफलातून कायटोसान निघतं, ते असा धातू धरून ठेवतं आणि मातीत कुजूनही जातं, हे मला माहीत होतं. पण खरं सांगते, मला खाडीचा पुळका आला नव्हता. मला दादाचं तोंड बंद करायचं होतं.

टरफलं आणायला करावेला गेले. वहिनी कोलंबी सोलत बसली होती. मी पिशवी पुढं केली आणि नेमका दादा आला.

"काय पायजे हिला?"

"टरफलं. तुम्ही टाकूनच देता ना?"

"टाकू, नायतर कुत्र्याला घालू. तुला नाय देनार."

"त्यानं पाणी साफ होतं, दादा."

"घान तुमची आनि पुसायचं आमी?"

मी रिकामी पिशवी घेऊन निघाले. गल्लीच्या टोकाशी वहिनीनं मला गाठलं आणि टरफलांची ओली पिशवी हातात कोंबली. "तुज्यासाठी नाय हां," ती म्हणाली. "घरात वास मारतंय म्हनून."

ॲसिड आणि कॉस्टिक सोडा गाळ्यात होताच. ॲसिडनं टरफलांतला चुना काढला, मग ती कॉस्टिकमध्ये उकळली. वासानं शेजारचा गाळेवाला भांडायला आला. मी त्याच्या तोंडावर शटर ओढलं. उरलेला चोथा व्हिनेगरमध्ये विरघळवला आणि सिरिंजनं त्याचे थेंब कॉस्टिकच्या पाण्यात सोडले. साबुदाण्यासारखे मणी झाले. ते पाइपात भरून वरून धुण्याचं पाणी सोडलं. खालून पाणी जवळजवळ नितळ आलं, मणी हिरवे झाले. बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतलं, पाण्यातलं निकेल खरंच कमी झालं होतं.

मी दादाला फोन केला, "ये आणि डोळ्यांनी बघ."

तो आला तो भांडायच्या तयारीनंच. आणि त्याच सकाळी आमच्या कामगारानं गंज काढायचं ॲसिड धुण्याच्या पाण्याच्याच टाकीत ओतलं होतं. कायटोसान ॲसिडमध्ये विरघळतं. पाइपात मण्यांचा लगदा झाला होता.

दादानं वाकून बघितलं. "ह्यो शेंबूड दाखवायला बोलावलंस?"

"ॲसिडनं विरघळलं. नवे मणी करेन, ॲसिडला वेगळी टाकी लावेन."

"बरं, मनी कुजतील. धातू कुजतो काय?"

"तो मण्यांतून सोडवून परत वापरायचा."

"सगला?"

खोटं बोलता आलं असतं. "सगळा नाही."

"मंग काय सांगतेस मला?"

"तू गावभर माझी बदनामी करतोस ना, ती थांबव. एवढंच."

"नाय थांबवनार," म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला. मी पाइपाला लाथ घातली. पायच दुखला.

ॲसिडची टाकी आता वेगळी आहे. मणी पक्के करायचं रसायनही सापडलं, ते आता लगेच विरघळत नाहीत. जो धातू सुटत नाही, तो मण्यांसकट घातक कचऱ्याच्या गाडीत जातो. दादानं वहिनीला मला टरफलं द्यायला बंदी केली, म्हणून मी ती एका कोलंबी सोलणाऱ्या शेडमधून आणते.

परवा चुलत बहिणीच्या हळदीला आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. काकूनं सगळ्यांसमोर माझ्या मण्यांचं कौतुक काढलं. दादा भरलं ताट घेऊन उठला आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी त्याची समजूत काढावी म्हणून असेल. मी मासळीचं तिखलं वाढून घेतलं आणि जेवत राहिले.