आप्पांचा पहिला अख्खा पिक्चर

माझे वडील पेठ वडगावच्या थिएटरात तीसेक वर्षं डोअरकीपर होते, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता. हे कुणाला खरं वाटत नाही. शाळेत माझ्या मैत्रिणींनाही वाटायचं नाही. नवा सिनेमा लागला की मधल्या सुट्टीत त्या मला गराडा घालायच्या, "गोष्ट सांग की!" मी घरी येऊन आप्पांना विचारायचे.

"हिरो वाचतोय. व्हिलन कड्यावरनं पडतोय," आप्पा सांगायचे.

"आणि सुरुवातीला?"

"सुरुवातीला मी दारात हुतो की."

त्यांचं काम तसंच होतं. तिकिटं फाडायची, उशिरा येणाऱ्यांना टॉर्च दाखवून जागेवर बसवायचं, यात पहिला अर्धा तास जायचा. मधल्या वेळी पब्लिककडे लक्ष ठेवायचं, म्हणजे पडद्याकडे पाठ. आणि शेवट जवळ आला की बाहेर जायची तिन्ही दारं उघडायची. दार लवकर उघडलं तर उजेड पडद्यावर पडतो आणि लोक शिव्या घालतात. उशीर झाला तर बायका-पोरं अंधारात दाराशी दाटतात. सिनेमा जुना झाल्यावर वेळ माहीत असायची, पण पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला सगळं अंदाजानं. पाठमोरं उभं राहून, नुसता आवाज ऐकून, आता किती राहिलं हे आप्पा ओळखायचे. त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. त्यामुळे शाळेत मी शेवट सांगणारी मुलगी म्हणूनच ओळखली गेले, आणि शेवट आधीच सांगितल्याबद्दल मैत्रिणींच्या चापट्याही खाल्ल्या.

डोअरकीपरनं खेळ चालू असताना बसायचं नाही, हा आप्पांचा स्वतःचा नियम. "खुर्ची तिकीटवाल्याची," ते म्हणायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझं बी.एस्सी., बी.एड. आप्पांच्या त्या उभं राहण्यावर झालं. आज मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, खुर्ची-टेबल मिळालंय, पण वर्गात शक्यतो उभीच असते. ती सवय कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

थिएटर बंद झाल्यावर आप्पा सिनेमाच्या वाटेला गेले नाहीत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मनाशी ठरवलं की एकदा तरी त्यांना जाहिरातींपासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून, एक अख्खा सिनेमा दाखवायचा. हे फक्त आईला सांगितलं.

"बसतील व्हय ते?" आई म्हणाली. "घरात जेवायला बसलं तरी तोंड दाराकडं असतंय त्यांचं."

मुद्दाम अवकाशातला सिनेमा निवडला. हिंदीत डब केलेला, थ्रीडी, सगळीकडे त्याच्या दृश्यांचं कौतुक चाललेलं. दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट आहे म्हटल्यावर आप्पांना शेवट ओळखता येणार नाही, असा माझा हिशेब.

कोल्हापुरात, चारचा खेळ. मल्टिप्लेक्सच्या दारात पोरानं मोबाइलवरचं तिकीट मशीननं टिपलं तेव्हा आप्पा थांबले. "फाडत न्हाईत?" त्यांनी विचारलं. "मग परत तेच दाखवून दुसरं कोण आत आलं तर?" मागे रांग खोळंबली. मी त्यांचा हात धरून आत नेलं.

खुर्चीत ते बसले खरे, पण टोकावर, एस.टी.त शेजारच्या बाईला जागा देऊन बसावं तसे. जाहिराती सुरू झाल्या. दार उघडलं आणि एक कुटुंब अंधारात चाचपडत आलं. आप्पा लगेच अर्धे उठले. "किती नंबर? एफ? ही न्हवं, म्होरली लाइन. पायरी हाय, बघून!" कुटुंब मुकाट्यानं जाऊन बसलं. मग आणखी दोघं आली. आप्पा पुन्हा उठले.

"आप्पा, पडद्याकडं बघा. सुरू झालंय."

"बघतोय की. आधी ह्यांना बसू दे."

सुरुवातच निसटली तर सगळंच फुकट. मी थ्रीडीचा चष्मा त्यांच्या चष्म्यावर चढवला. त्याच वेळी पडद्यातून एक भलंमोठं यान आमच्या डोक्यावरून गेलं. आप्पांनी मान खाली घातली, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि पाठ टेकली. पहिल्यांदाच.

मागच्या रांगेत कागलच्या एमआयडीसीतली तीन पोरं होती, पहिली पाळी करून आलेली, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. "नाद खुळा भावा!" त्यातला एक ओरडला. तांब्याच्या रंगाचं जंगल, आकाशातून उलटा लोंबणारा समुद्र, डोंगराएवढी लोखंडी जनावरं. खरंच डोळ्यांत मावत नव्हतं. मी आप्पांना हळूच म्हटलं, "खऱ्या अवकाशात आवाज ऐकू येत नाही बरं का."

"मग पिक्चरला मजा कशी यील?" आप्पा म्हणाले.

पण गोष्ट काही नवी नव्हती. हिरोला शिकवणारा म्हातारा शास्त्रज्ञ खोकला आणि आप्पा म्हणाले, "हे म्हातारं आता जाणार." आवाज हळू ठेवायची त्यांना सवय नाही. पाच मिनिटांत म्हातारा गेला.

"आज्जा, बघून आलायसा व्हय?" मागून प्रश्न आला.

"न्हाय बा. पहिल्यांदाच."

"मग कसं कळलं?"

"पिक्चरात म्हातारं खोकाय लागलं की जातंय."

मग हिरोच्या जिवलग दोस्ताबद्दल आप्पा म्हणाले, "ह्यो फितूर हुणार." पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. "काका, गप बसा की जरा! आम्हाला बघू द्या."

आप्पा वरमले. मीही. इतका भव्य सिनेमा मी आणला आणि त्याची गोष्ट आमच्या वडगावच्या पडद्यावर दर शुक्रवारी लागणाऱ्या गोष्टीसारखीच निघाली. मध्यंतरात मात्र त्या तिघांनी आप्पांना गाठलं. दोस्त फितूर झाला होता.

"मामा, आता म्होरं काय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"तो म्हातारा परत यील. मेलेला दाखवला न्हाय, नुसता धूर दाखवलाय. शेवटाला दोस्त माफी मागंल आणि त्योच मरंल. हिरोला काय हुत न्हाय."

"च्यायला, मग आम्ही आता घरी जाऊ का?" एक जण म्हणाला आणि तिघंही हसले. त्यातल्या एकानं आप्पांसमोर पॉपकॉर्नचा डबा धरला. "घ्या मामा, तुमची फी."

पुढच्या भागात म्हातारा धुरातून चालत आला, तेव्हा मागची सबंध रांग "मामाऽऽ" म्हणून ओरडली. पुढच्या बाईसुद्धा वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलाय का हो?" आता त्या चिडलेल्या नव्हत्या.

मी खूश होते, पण माझं लक्ष आप्पांच्या पायांवर होतं. ढोल वाजायला लागले, दोस्तानं माफी मागितली, आणि आप्पांचे पाय खुर्चीखालून पुढे आले. उजवा हात खिशाशी गेला, जिथे टॉर्च असायची. ते उठले.

"आप्पा!"

"आलोच. दारं उघडाय पायजेत. संपत आलं."

"आप्पा, बसा. तुमचं काम नाही ते."

"लोकं दाटतील, बाळ."

ते पायरीवर जाऊन उभे राहिले. मी त्यांचा सदरा धरला, पण ओढवेना. तीस वर्षं ज्या पायांनी मला शिकवलं, त्यांना मी खाली बसा म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? झालं, इथंच राहिलं, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून कागलच्या पोरांचा आवाज आला, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा.

"ओ मामा! दारं ढकलली की उघडतात हितं! तुम्ही बसा, पिक्चर बघा!"

थिएटर हसलं. कुणी शिट्टी मारली. आणि पडद्यावर ते तांब्याचं जंगल पेटून विझलं, राखेचे चमकणारे कण पडद्याबाहेर येऊन आमच्यात तरंगायला लागले. आप्पा पायरीवर उभे होते. त्यांनी हात पुढे करून एक कण धरला. मूठ उघडून पाहिली. मग मागे सरकत, हातानं खुर्ची चाचपत, नजर पडद्यावरून न काढता ते बसले.

दोस्त मेला. हिरोला काही झालं नाही. लोक उठले, दारं ढकलली की उघडली. "चलतो मामा," म्हणत ती पोरं गेली. आप्पा उठले नाहीत. पडद्यावर नावं सरकत होती.

"एवढी माणसं?" ते म्हणाले. "काय काय लिवलंय?"

मी जमेल तसं वाचत गेले. सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी, रंगारी.

"सुताराचंबी नाव टाकलंय म्हणतीस?" शेवटची ओळ वर जाईपर्यंत ते बसून राहिले. झाडायला आलेली मावशी आमचे पाय हलायची वाट बघत होती. तिला आप्पांनी नमस्कार केला.

वडगावला पोचलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. आप्पा हातपाय न धुताच चुलीजवळ पाटावर बसले.

"एक यान असतंय," त्यांनी सुरू केलं. "हे एवढं, आपल्या पाण्याच्या टाकीच्या धापट. ते पयलं डोसक्यावरनं जातंय..."

"शेवटाला काय झालं ते सांगा," आई म्हणाली. तिला तेवढंच ऐकायची सवय.

"शेवट हुईल गं," आप्पा म्हणाले. "तू आधी सुरवात ऐक."