जवारीचं माप घेणारे चाचा

कानावर पेन्सिल, गळ्यात फीत आणि समोर जवारीचा धांडा. चाचा त्याच्या बुडाला फीत गुंडाळायचे, आकडा पुटपुटायचे आणि आम्हा बघ्यांना गंभीरपणे बजावायचे, "माप घेतल्याबिगर बोलू नोका."

चाचा अनसिंगचे शिंपी. गावाबाहेर त्यांचं दोन एकर वावर होतं. मी तेव्हा वाशिमला शेतकी खात्यात कारकून होतो, म्हणून ओळख.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं. शेजारच्या वावरांतली नव्या बियाण्याची जवारी करपून गेली. चाचांची जुनी गावठी जवारी मात्र पानांच्या सुरळ्या करून, अंगावर पांढरी भुकटी चढवून, वाढायचं थांबवून नुसती उभी राहिली.

"झोपली हाये," चाचा म्हणाले. "पाणी वाचवून राह्यली. उठवू नोका."

आणि वावराजवळ मोठ्यानं बोलायला बंदी झाली. येणाऱ्याजाणाऱ्या बैलांच्या घंटांमध्ये चाचा दुकानातल्या चिंध्या कोंबत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे चपला हातात घेत. हसू नका, मीही घ्यायचो, आणि मी तर सरकारी नोकर.

एक दिवस अकोल्याहून साहेब पाहणीला आले. "हे पीक मेलंय!" ते खणखणीत आवाजात म्हणाले.

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मेलंय," साहेब कुजबुजले.

चाचांनी धांड्याशेजारी खोल खड्डा खणून ठेवला होता. त्यांनी फितीचं टोक साहेबांच्या हाती दिलं. "उतरा."

साहेब सुटाबुटासकट उतरले. साठ इंचांची फीत संपली, मूळ खाली चाललंच होतं. साहेबांनी तळाची माती मुठीत दाबून पाहिली. "ओल आहे हो," ते हळूच म्हणाले. त्यांना वर काढायला चौघं लागले. चौघांनीही आवाज केला नाही.

हस्ताच्या शेवटी एक पाऊस झाला. सुरळ्या उलगडल्या. कणसं बारीक आली, पण आली. बाकी गावात बियाण्यापुरताही दाणा नव्हता.

मग चाचा दुकानात बसून थैल्या शिवू लागले. लोकांनी शिवायला टाकलेलं कापड कापून, ज्याचं कापड त्याची थैली, आणि प्रत्येकीत बियाणं.

"घरात पीठ नाही, अन् तुमी जवारीले कपडे शिवून राह्यले!" चाची कडाडल्या. मग त्याच रागात थैल्यांची तोंडं बांधायला बसल्या.

"चाचा, माझा कोट?" मी विचारलं.

त्यांनी चार थैल्या पुढे सरकवल्या. "पेरा."

"मला शेत नाही हो."

"मंग दुसऱ्याच्या वावरात पेरा. कोट तं तुमचाच हाये ना?"

उन्हाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवसांत गेले. पेरणी त्यांना दिसली नाही.

दिवाळीला ती जवारी घरोघरच्या वावरात डोक्याच्या वर गेली होती. नवे कपडे मात्र त्या वर्षी अनसिंगात कुणाच्याच अंगावर नव्हते.