मोठ्यानं वाचणारी

संध्याकाळी सोफ्यावर मुलगा, सून आणि नात बसतात. तिघांचे अंगठे मोबाइलवर खालून वर सरकत असतात. समोर खुर्चीत मी. माझं बोट पुस्तकातल्या ओळीखालून डावीकडून उजवीकडे जातं, ओळ संपली की परत येतं. वर्षभर आमच्या घरात हेच चाललंय.

मी चौथी शिकले. मनातल्या मनात वाचलं तर माझ्या डोक्यात काही शिरत नाही. गुरुजी सांगायचे, सगळ्यात मागं बसलेल्या पोरीला ऐकू गेलं पाहिजे. तशीच वर्षभर वाचनालयाची पुस्तकं वाचली. दोन अगदीच भिकार निघाली, पण तीही सोडली नाहीत.

"आई, हळू वाच ना, त्रास होतो," मुलगा म्हणतो. तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये कोणीतरी खिदळत असतं. काल तर म्हणाला, "तुझं वाचनालय बंद करू. आता पुस्तकं मोबाइलवर ऐकता येतात."

"उद्या घासही दुसऱ्यानं चावून दिला, तर खाशील?"

पुस्तक मिटलं आणि आत जाऊन मेथी निवडत बसले. अर्ध्या तासानं सून दारात आली. हातात मोबाइल होताच.

"आई, गोष्टीतल्या त्या बाईनं नवऱ्याला दार उघडलं का हो?"

म्हणजे कान इकडेच होते!

हात पुसले, बाहेर येऊन चष्मा लावला, आणि राहिलेल्या ओळीवर बोट ठेवून सोफ्यापर्यंत नीट ऐकू जाईल असं वाचायला लागले.