हिरव्या बांगड्या आणि व्हिसा

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभांची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळं अन्याय दिसला की मला लगेच भाषण सुटतं.

ताई गरोदर राहिली तेव्हा तेच झालं. तिचं सासर गारखेड्यात, दाजी वाळूजला कारखान्यात, धाकटा दीर अमेरिकेत. त्यानं कळवलं, बाळंतपण इकडंच करा, बाळ जन्मतःच इथलं नागरिक होईल. सासूबाई हरखल्या. ताईला पहिलं बाळंतपण माहेरी, बिडकीनला आईजवळ हवं होतं; पण ती बोलेना.

सासूबाई, ताई आणि मी एजंटकडं गेलो. त्यानं नियम सांगितला: गरोदर बाईला प्रवासाची बंदी नाही, पण मुलाला नागरिकत्व मिळावं हाच मुख्य हेतू असेल, तर पर्यटक व्हिसा देत नाहीत. मग आवाज उतरवून म्हणाला, "पोट कुठं दिसतंय अजून? फिरायला चाललो म्हणायचं. ढगळ कुर्ता घाला. अन् ह्या हिरव्या बांगड्या तेवढ्या काढा. तिथं व्हिसाच्या मुलाखतीला आपल्याकडची बाई असली तर लगेच ओळखंल."

मी उसळले. "लेकरू जन्मायच्या आधीच त्याच्या नावानं खोटं बोलायचं? हे कुठलं..."

"बस गं, सभा नाय ही," सासूबाईंनी मला गप्प केलं आणि त्याच्याकडं वळल्या. "बांगड्या कशापायी काढायच्या?"

आमच्याकडं तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता हिरवी चोळी-बांगडी करतात, तिला चोरचोळी म्हणतात. त्या बांगड्या सासूबाईंनीच भरल्या होत्या.

"मावशी, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

"लई शहाणा हायेस. बाळंत होईस्तोवर उतरवत नसतेत."

तेव्हा ताई बोलली. "आत्याबाई, बांगड्या काढल्या तरी विचारल्यावर मी खरंच सांगणार. मला आईकडं जायचंय."

सासूबाई तिच्या मनगटांकडं बघत राहिल्या. "मग आधीच सांगायचं ना, येडे," म्हणत उठल्या. माझ्या भाषणाचा यात काडीचा वाटा नव्हता, याचं मला जरा वाईटच वाटलं.

लेक झाली. बारशाला सासूबाई बिडकीनला आल्या, नातीला मांडीवर घेऊन अमेरिकेतल्या लेकाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "आई, इकडं असती तर..."

"असू दे. तूच ये बघायला. तुला घरी यायला कुणाला मुलाखत द्यावी लागत नाय ना?"