‘ऐकतोय’ म्हणणारा

मी मांदेली साफ करत होते. ओट्याशेजारी लेकीचा फोन चार्जिंगला लावलेला, तो उजळला. ‘आज कसं वाटतंय? बोल, मी ऐकतोय.’

ऐकतोय म्हणे! ‘ऐकतेय’ असतं तर मैत्रीण समजून सोडून दिलं असतं. पण पोरीचं बारावीचं वर्ष, बाप मुंबईला, आणि हा कोण टिकोजीराव तिची ख्यालीखुशाली विचारणारा? माझं डोकंच फिरलं. खवल्यांच्या हातानेच फोन उचलला आणि कपाटात टाकून कुलूप घातलं.

ती न्हाऊन आली. फोन कुठाय विचारलंन. कोण आहे तो, मी विचारलं. पाच मिनिटं दे, मग परत ठेव, एवढंच म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं आणि किल्ली कनवटीला लावली.

चार दिवस गेले. ती भांडली नाही, हेच मला खायला उठलं. एरवी भांडल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही. ताटातलं चिवडायची आणि उठायची. मी नगरपालिकेत जन्माचे दाखले लिहिते. एका बाळाच्या दाखल्यावर माझ्याच लेकीचं नाव लिहून बसले. मग दुपारी रिक्षा करून घरी आले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशीच परत गेले, तर कामात लक्ष लागेना.

पाचव्या दिवशी माझाच धीर सुटला. फोन तिच्यापुढे ठेवला. लाव त्याला, मीच बोलते, म्हटलं.

“तो माणूस नाही गो आई, ॲप आहे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं की त्यात लिहायचं. कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी घालून दिलंय.”

मी तिथेच खाली बसले. मला का नाही सांगितलंस, कसंबसं विचारलं. तू ओरडतेस, ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

फोन कधीच बंद पडला होता. चार्जिंगला लावला, तरी सुरू व्हायला वेळ घेत होता. मी उठले, बसले, परत उठले. असलं काही पोरांना विचारू नये, विचारलं तर डोक्यात भरतं, असंच आम्ही ऐकत आलेलो. बाईंनी नंतर सांगितलं, तसं नसतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, तरी विचारलं.

“आत्ता वाटतंय का गो तसं?”

ती विचार करत राहिली. तेवढ्या वेळात मी अर्धी मेले.

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “उद्या पण विचार.”